काचेवरच्या कुरडया

६ एप्रिल

हेल्मेट अंबाड्यावर बसत नाही.

ही गोष्ट लहान आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा अंबाडा घालून पाहावं. पिवळं, टणक, आत आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास — आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरळ एक टक्कल असणार! पुढे ओढलं तर डोळे झाकतात, मागे सारलं तर हेल्मेटच जातं. अंबाड्यावर ठेवलं तर कळसासारखं उभं राहतं. आज दिवसभर मी वर्गात कळस होऊन बसले. मागच्या बाकावरच्या कुलदीपने मोबाइलवर फोटो काढला. माणसाने सूर्याला तारेत कोंडलं, पण बाईचा अंबाडा काही त्याच्या ध्यानात आला नाही. अन्याय झाला आहे, कुठे तरी लिहिलेला असावा, म्हणून लिहिते.

हेल्मेट माझ्या डोक्यावर आलं कसं तेही लिहावं लागेल, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही. एकोणीस वर्षं झाली, या कॉलेजात मी शिवणकाम शिकवते. यंदा शिवणाला प्रवेश झाले दोन. त्यातली एक मुलगी चुकून आली होती, तिला ब्यूटी पार्लर पाहिजे होतं. शिवण बंद. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तिथेच मला शंका आली. म्हणाले, आता हरित रोजगाराचे दिवस आहेत, सोलरचा कोर्स आला आहे, मुजम्मिल सरांच्या जोडीला एक निदेशिका लागेल. पोरांसोबत बसा, परीक्षा द्या, पास झाल्या तर जागा तुमची.

आणि नापास झाले तर? त्यांनी कप बशीत ठेवला. उत्तर बशीने दिलं.

तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिला बाक. शेजारी प्रणाली, वय वीस. पहिल्याच तासाला हळूच विचारते, "मॅडम, तुमी फेल झाल्या तं आमाले रागावनार कोन?"

८ एप्रिल

चांदूर बाजारहून भावाचा फोन. काहून एवढा त्रास करून घेऊन राहिली, इकडे ये, एक खोली रिकामी आहे. मागून वहिनी — "येतानी मशीन घेऊन या म्हना, पोरींचे फ्राक शिवाचे आहेत."

ती रिकामी खोली मी पाहिली आहे. तिच्यात कांदे असतात. वहिनी कांदे हलवणार नाही, मलाच त्यांच्या बाजूला सरकवेल.

पास व्हायचं!

१३ एप्रिल

विजेचं गणित सोपं निघालं. मापं घेणाऱ्या बाईला गणिताची काय भीती? मुजम्मिल सरांनी आज पॅनेलची ओळ समजावली. सगळी पॅनेलं एकामागे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की अख्ख्या ओळीची वीज मंदावते. मी म्हटलं, म्हणजे संयुक्त कुटुंब. एक रुसला की सगळ्यांचं जेवण थंड. सर हसले नाहीत. त्यांच्या घरी अकरा माणसं आहेत.

अडतं ते शिडीवर. पॅनेलं आहेत वर्कशॉपच्या स्लॅबवर. तिथे जिना नाही, शिडी लावून चढावं लागतं. परीक्षेत प्रत्यक्ष वर चढून बिघाड शोधायचा असतो. आणि मी — हे फक्त इथे लिहिते — स्टुलावर उभी राहून पडदासुद्धा लावत नाही. मापं घेते, पडदा दुसरा कोणी लावतो.

१५ एप्रिल

शिडी. पहिला प्रयत्न. सर खालून म्हणाले, "मॅडम, नीचे मत देखो." वर पाहिलं तर हेल्मेट मागे पडतं. मग पाहू कुठे? समोर भिंत होती. भिंतीकडे पाहत बराच वेळ उभी राहिले. पायऱ्या चढण्याचा विषय कोणी काढला नाही.

उतरवायला मात्र तिघं लागले.

२० एप्रिल

कुलदीपने नवं पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलं आणि तो पाणी प्यायला गेला. दुपारी वारा सुटला. काचेचं पार जाळं झालं, वीज शून्य. सरांनी ते उचलून भंगारात टाकलं आणि त्यावर खडूने लिहिलं — मृत. कुलदीप अंत्ययात्रेला असावा तसा मागे मागे चालत होता.

२३ एप्रिल

नवं संकट. दुपारी ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच आपली वीज कमी होते! सकाळी झकास, बारा वाजले की मान टाकते, चारनंतर पुन्हा शुद्धीवर. आमच्या स्टाफरूमला ही सवय नवीन नाही, पण पॅनेलांना कशी लागली?

सरांनी सकाळी वर जाऊन तारा बदलल्या. जोड तपासले. इन्व्हर्टर उघडला, बंद केला. प्राचार्य म्हणाले, अमरावतीचा सूर्यच कमी पडत असेल. बाहेर त्रेचाळीस डिग्री. गेटजवळची कुत्री टाकीच्या गळत्या नळाखाली झोपली होती.

२७ एप्रिल

सापडलं.

भर दुपारी सरांनी प्रणालीला वर पाठवलं. ती वरून ओरडली, "मॅडम, पॅनेलवर कुरडया हायेत!"

आधी कोणाला काही समजलं नाही. मग मला समजलं, कारण वर्कशॉपच्या स्लॅबला लागून खातूनबीची गच्ची आहे. मध्ये गुडघ्याएवढा कठडा. म्हातारी सत्तरीच्या आसपासची, हिरवा दुपट्टा, एकटी राहते. गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालते, कठडा ओलांडून येते, पॅनेलांवर चादर पसरते आणि ऊन उतरलं की घेऊन जाते. अमरावतीतल्या यच्चयावत बायका हेच करतात, फक्त गच्चीवर. हिला बिनधुळीची, तिरपी, तव्यासारखी तापलेली जागा सापडली होती.

माझ्या डोक्यात सनक गेली. परीक्षा माझी, जागा माझी, आणि बिघाड कुरडयांचा! शिडी माझ्याच्याने चढवत नाही, म्हणून रस्त्याने फिरून तिच्या दारी गेले, विचारलंही नाही, तिच्या जिन्याने वर गेले, कठड्यावरून वाकून चादर ओढली. जोरात ओढली. ओल्या कुरडया सरकल्या आणि सगळ्या मागच्या गल्लीत. खाली कोणाच्या तरी शेळ्या होत्या. शेळ्यांनी काही विचारलं नाही.

खातूनबी जिन्यातून धापा टाकत वर आली. मी भांडायच्या तयारीत होते. ती भांडलीच नाही! कठड्यावरून खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "अकोटच्या लेकीच्या होत्या."

मी म्हटलं, भरून देईन.

"राहू द्या, मॅडम. कुरडया का दुकानातून भरून भेटतेत?"

भांडली असती तर झोप लागली असती.

२८ एप्रिल

तहाची बोलणी. सोबत मुजम्मिल सर. त्यांनी सावली, ओळ, वीज सगळं समजावलं. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत, थोडं हातवाऱ्यांत. खातूनबीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काच तं तशीबी तपूनच राहिली न? तिच्यावर चार कुरडया वाळल्या तं सूर्याचं काय घटते?"

सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर बाहेर येताना मलाही पटेनासं झालं होतं.

मग मी सरांना बाजूला केलं आणि सरळ सांगितलं. चौदा तारखेला माझी परीक्षा आहे. अकोल्याहून परीक्षक येणार. वीज नाही दिसली तर नोकरी जाईल आणि मी वहिनीच्या कांद्यांच्या खोलीत.

हे मात्र तिला एका दमात समजलं. म्हणाली, भावजयीच्या घरी राहाची पाळी दुश्मनावरबी येऊ नये. "परीक्षा होतवरी त्या काचेवर पाखरू बसू देनार नाही म्या. जबान देल्ली."

चहा दिला. मी त्या चहालाही लायक नव्हते. प्यायले.

३ मे, रविवार

गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला. लिहायला सोपं आहे! चीक भांड्यात गुठळ्या धरून असा बसला की वाटावं सिमेंटची प्रॅक्टिकल आहे. सोऱ्यातून जे बाहेर आलं त्याला आकार म्हणता येत नाही. आयुष्यभर बचत गटाच्या कुरडया विकत घेतल्या त्याची शिक्षा. शेजारच्या सुभद्राताई डोकावल्या आणि म्हणाल्या, गांडूळखत का?

सगळं फेकलं. खातूनबी राहू द्या म्हणाली होती ना. राहू द्यावं.

५ मे

प्रणाली सकाळी कॉलेजच्या आधी येऊन शिडी धरते. कोणाला सांगत नाही. आज अर्ध्यापर्यंत गेले. अर्ध्यावर दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. तिने खालून मन रमवायला विचारलं, "मॅडम, सोलरची नोकरी लागली की पह्यल्या पगारात काय घेऊ?" मी म्हटलं, मला खाली घे.

खातूनबी वरून सगळं पाहत होती. ती आता रोज कठड्याशी काठी घेऊन बसते. कबुतर उतरलं की हाकलते. सरांना वर काम होतं तर त्यांनाही दोनदा विचारलं, कोन, कायले आले. पॅनेलांची वीज मात्र जोरात आहे!

११ मे

हेल्मेटचा प्रश्न सुटला. आतला पट्टा उसवला, मागे चार बोटं ढील देऊन पुन्हा शिवला, आणि अंबाड्याऐवजी वेणी घातली. कॉलेजात शिकत होते तेव्हा घालायची. सर म्हणाले, मॅडम, हेल्मेट असं उसवलं तर सुरक्षा नियम मोडतो. मी म्हटलं, माझी टीप तुमच्या नियमापेक्षा पक्की आहे. त्यांनी मुलांची सगळी हेल्मेटं आणून दिली. दोघांचे बक्कल तुटले होते, एकाचा पट्टाच नव्हता.

शिडी अजून अर्ध्यावरच.

१३ मे

उद्या. खातूनबीला शेवटचं सांगून आले, उद्या जरा जास्त लक्ष ठेवा. "बेफिकर राहा," म्हणाली.

१४ मे

सगळं जसं घडलं तसं लिहिते, पदरचे शब्द घालत नाही.

परीक्षक तिडके साहेब अकोल्याहून एसटीने येणार होते. त्यांना आणायला मुजम्मिल सर स्टँडवर गेले. प्राचार्य हार घेऊन गेटवर. मी काळजीने तासभर आधी येऊन बसले होते. मुलांचा अजून पत्ता नव्हता.

तिडके साहेबांनी एसटी सोडली होती. पहाटेच स्वतःच्या गाडीने निघाले, कुणाला न कळवता मागच्या फाटकाने आत आले, शिडी लावली आणि वर चढले. परीक्षक असंच करतात म्हणे. गुपचूप जाऊन एक बिघाड करून ठेवायचा, मग परीक्षार्थींनी तो शोधायचा. त्यांनी तारेचा एक जोड सोडला आणि मान वर केली, तर समोर हिरवा दुपट्टा आणि काठी.

अनोळखी माणूस. सकाळची सामसूम. हातात तार. खातूनबीने जे ठरवायचं ते ठरवलं. आपल्या कठड्यावरून वाकून काठीने शिडी ढकलली. शिडी अंगणात आडवी. चोराचा परतीचा रस्ताच बंद केला! मग गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

आम्ही धावलो. वर साहेब हात हलवून सांगत होते, मी परीक्षक आहो, मी परीक्षक आहो. खातूनबी म्हणे, सगळे असंच म्हनतेत.

प्राचार्यांनी तिला खालून विनंती केली, बाई, तुमचं दार उघडा, आम्ही तुमच्या जिन्याने येतो. ती म्हणाली, "दाराले आतून कडी हाये. म्या खाली गेली तं हा पळून जाईल." तर्क चुकीचा म्हणता येणार नव्हता.

प्राचार्यांचे गुडघे नावालाच आहेत. उरले कोण?

शिडी उचलून लावली. प्राचार्यांनी धरली, एका हातात अजून हार. मी चढले. भिंतीकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही. मनात एकच होतं — परीक्षक उन्हाने वर गेला तर परीक्षा कोण घेणार? अर्धी कधी ओलांडली ते कळलंच नाही. स्लॅबवर पाय टेकला तेव्हा कळलं.

तिडके साहेब पॅनेलच्या सावलीत बसलेले, चेहरा पिकलेल्या टमाट्यासारखा. हातात स्टीलचा गडू. पाणी खातूनबीने आपल्या गच्चीवरच्या माठातलं दिलं होतं. मी तिला म्हटलं, चोराला पाणी? ती म्हणाली, "चोर असला म्हून काय झालं? उन्हाळा त्यालेबी लागते."

मी साहेबांची ओळख करून दिली. तिने काठी खाली ठेवली, पण हातापासून लांब नाही.

आणि तेवढ्यात मला पॅनेलाखाली सुटलेला जोड दिसला. दोन तोंडं वेगळी, लोंबत होती. आता काय सांगू — उसवलेलं दिसलं की माझा हात थांबत नाही. लग्नात परक्या बाईच्या साडीचा सुटलेला फॉल मी सेफ्टी पिनने लावला आहे. खाली वाकून प्राचार्यांना ओरडून विचारलं, भिंतीवरचा मोठा स्विच बंद आहे का? ते पाहून आले, बंद आहे म्हणाले. टिक् करून जोड लावला. ओढून पाहिला. पक्का.

साहेबांनी गडू खाली ठेवला. "मॅडम, हे काहून लावलं?"

सुटलं होतं म्हणून.

"कोनं सोडलं, कायले सोडलं, काही विचारलं नाही?"

मी म्हटलं, उसवलं कोणी ते शिंपी विचारत बसत नाही, साहेब. आधी टाका घालतो.

त्यांनी खिशातून पेन काढलं, काही तरी लिहिलं. मग म्हणाले, हातमोजे नव्हते, त्याचे गुण कापतो. उतरताना मात्र शिडी मला धरायला लावली. वर खातूनबी होती ना.

बाकी मुलांसाठी त्यांनी तोच जोड पुन्हा पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी वर जाताना कठड्याकडे पाहून सलाम करत होते. प्रणालीने चटकन शोधला. कुलदीपने आधी सगळी पॅनेलं पुसली, मग शोधला.

१६ मे

दिलेल्या जबानची मुदत संपली. खातूनबीने आज सभ्यपणे विचारलं, आता काचेवर टाकू का चादर? सर माझ्याकडे पाहायला लागले, मी सरांकडे.

मग कुलदीपला ते 'मृत' आठवलं. भंगारातलं पॅनेल चौघांनी तिच्या गच्चीवर नेलं, फुटक्या काचेवर जाड प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटवलं, खाली विटा लावून दक्षिणेकडे तिरपं केलं. कोन मी स्वतः मोजला. माझ्या आयुष्यातलं पहिलं पॅनेल बसवलं ते असं, वीज शून्य, कुरडया भरपूर.

खातूनबीने हात ठेवून पाहिला. "तपते," म्हणाली. त्याहून मोठं प्रमाणपत्र आमच्या बॅचला मिळायचं नाही.

लेकीच्या कुरडयांचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

२९ मे

पास!!

प्राचार्यांनी तिडके साहेबांचा शेरा वाचून दाखवला — "सदर संस्थेत पॅनेलांची सुरक्षाव्यवस्था अत्यंत कडक आहे." जागा माझी. प्रणालीही पास, तिला अकोल्याची एक कंपनी बोलावते आहे. जाताना म्हणाली, "मॅडम, आता रागवा."

रागवता आलं नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं. मागून वहिनी — मंग मशीन तं धाडा. म्हटलं, मशीनवर आता हेल्मेटं शिवते.

३१ मे, रविवार

दुसऱ्यांदा केलेल्या कुरडया बऱ्या जमल्या. गोल म्हणता येणार नाही, पण गांडूळही कोणी म्हणणार नाही. घरीच वाळवल्या. कॉलेजला सुट्टी. खातूनबी दुपारच्या जोहरच्या नमाजाला खाली गेली तेव्हा एकटीच शिडी चढले, कठडा ओलांडला आणि तिच्या चादरीवर तिच्या कुरडयांत माझ्या मिसळून आले.

मग वर्कशॉपच्या अंगणात रेंगाळले. संध्याकाळी तिने कठड्यावरून हाक मारली. "यंदा काचेनं बरकत देल्ली, मॅडम. अकोटचा डबा भरूनबी उरल्या. काही जराशा वाकड्या निघाल्या."

मी म्हटलं, काचेवर होतं असं कधी कधी.

"हो न. वाकड्या लेकीले नाही धाडत. त्या मीच खाईन."

शिडी जागेवर ठेवली आणि घरी आले.